सोन्यावर उभे पिळाचे रेणू

प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. काहींची साखळी मळसूत्रासारखी पिळलेली असते. एका वेढ्यात सुमारे ३.६ अमिनो आम्ले. ही रचना लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडली. साखळीच्या टोकाला गंधक असले, की ती सोन्याला घट्ट चिकटते आणि हे रेणू ज्वारीच्या ताटांसारखे दाटीने उभे राहतात, जरासे कललेले.

पेप्टाइड तसे विद्युतरोधकच. तरीही इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतात, आणि खरी गंमत इथेच आहे. इलेक्ट्रॉनला फिरकी असते, दोन प्रकारची. पिळाच्या दिशेनुसार एका फिरकीचे इलेक्ट्रॉन सहज जातात, दुसऱ्या फिरकीचे अडखळतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील रॉन नामन आणि सहकाऱ्यांना याची चाहूल १९९९ मध्ये लागली. २०११ मध्ये सोन्यावरच्या डीएनएच्या थराने ही निवड सुमारे ६० टक्क्यांपर्यंत करून दाखवली, तीही चुंबकाविना, खोलीच्या साध्या तापमानाला! पुढे पेप्टाइडमध्येही हेच आढळले.

कार्बन-नायट्रोजनसारख्या हलक्या अणूंना हे जमावे कसे? काही शास्त्रज्ञ श्रेय खालच्या जड सोन्यालाच देतात. हा वाद अजून मिटलेला नाही.