उजेडाची उधारी



माझ्या खिडकीत सध्या एक लेन्स वाळत पडली आहे. वाळत म्हणतो, कारण शेजारच्या खिडकीत पापड आहेत आणि दोघांनाही ऊनच हवं आहे. ही पेन्टॅक्सची जुनी सुपर टाकुमार, ५० मिलिमीटर, एफ १.४. तिच्यातून पांढरा सदरा पाहिला, तर त्यावर चहा सांडल्यासारखा दिसतो. असं का, ते शेवटी सांगतो.

अशा लेन्सला 'फास्ट' म्हणतात. एफच्या पुढचा आकडा लहान, की लेन्सचं तोंड मोठं. एफ ४ वरून एफ २ वर आलात, की आकडा निम्मा होतो, उजेड मात्र चौपट. मग अंधाऱ्या खोलीतही शटर चटकन मिटवता येतं.

१९२४ साली ड्रेस्डेनच्या अर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा काढला. त्याची लेन्स एर्नोस्टार, एफ २. तिचं गणित मांडणारा लुडविग बेर्टेले तेव्हा होता तेवीस वर्षांचा! बर्लिनचे एरिक सालोमन, शिक्षणाने वकील, हा कॅमेरा टोपीत लपवून खुनाच्या खटल्यात बसले आणि फ्लॅशशिवाय फोटो घेऊन आले. पुढे १९३० साली हेगमधल्या एका परिषदेत, रात्री उशिरा खुर्च्यांत पेंगणारे मंत्रीही त्यांनी टिपले. त्याआधी पुढारी फोटोत नेहमी जागेच असायचे.

बेर्टेले नंतर त्साइस कंपनीच्या कामात आला. १९३२ची सोनार नावाची लेन्स, एफ १.५, त्याचीच. त्या काळी भिंगांवर आजच्यासारखा लेप नसे. काच जिथे हवेला भिडते, अशा प्रत्येक पृष्ठभागावर चारपाच टक्के उजेड परत फिरायचा आणि आतल्या आत भटकून चित्र धुरकट करायचा. बेर्टेलेने सात भिंगं चिकटवून तीनच गट केले. हवेला भिडणारे पृष्ठभाग उरले फक्त सहा. चित्र खणखणीत झालं, पण उधारी दुसरीकडे निघाली. तोंड पूर्ण उघडं ठेवलं की कडा मऊ पडतात, आणि तोंड बारीक करत गेलं की फोकस मागे सरकतो. डोळ्यावर धरलेला फोकस कानाकडे निघतो म्हणा ना.

आज लोक याच मऊपणावर जीव टाकतात. मीही टाकतो. पण त्याला जादू वगैरे म्हणू नये. बेर्टेलेला जमतं, तर त्याने हे दोष ठेवले नसते. कारागिराने काय मिळवलं आणि त्यासाठी काय सोडलं, हे फोटोत उघड दिसतं. मला गोडी आहे ती त्याची. नव्या लेन्समध्ये हा हिशेब झाकलेला असतो.

आता टाकुमारचा चहा. तिच्या एका भिंगाच्या काचेत थोरियम आहे. थोरियममुळे काच प्रकाश जास्त वाकवते आणि रंग फार फाकू देत नाही. पण थोरियम किरणोत्सारी. त्याच्या माऱ्याने काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पुन्हा निवळते, फक्त काही आठवडे धीर धरावा लागतो.

तुमच्याकडे अशी लेन्स असेल तर जरूर उन्हात ठेवा. मात्र मागच्या तोंडाला चांदीचा कागद घट्ट लावा. लेन्स शेवटी भिंगच आहे, खिडकीचा पडदा पेटवायला तिला फार वेळ लागत नाही.