शिवाराची नोंद ठेवणारी शाळा



 

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक सूचनाचित्रे विनामूल्य दाखवावीत, आकाशवाणीने व दूरदर्शनने या विषयासाठी वेळ राखून ठेवावा आणि शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवला जावा, असा आग्रह होता. त्यामागची कळकळ मी मनःपूर्वक मानतो. आज आपल्या प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे, पाठ्यपुस्तकेही परिश्रमपूर्वक तयार झालेली आहेत. आणि तरीही ज्या विद्यार्थ्याला ओझोनच्या थराची माहिती मुखोद्गत असते, त्यालाच शाळेमागचा ओढा कोणत्या महिन्यात आटतो, हे सांगता येत नाही. प्रकल्पवही बाजारातल्या चित्रांनी सजते, गुण मिळतात आणि वर्षअखेरीस ती वही रद्दीत जाते. ज्ञानाचा विषय मुलाच्या पायांखालून सुरू न होता दूरच्या ध्रुवप्रदेशापासून सुरू झाला, की त्याची परिणती अशीच व्हायची.

याहून निराळी वाट आपल्याच भूमीत पूर्वी चोखाळली गेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला जे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने कोसबाडच्या टेकडीवर वाढविले, त्यात कुरणशाळेचा प्रयोग होता. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात गेली. गवत, पाने, खडे, पाखरे हीच तेथील साधने झाली. पर्यावरण हा शब्द शाळांच्या वेळापत्रकात येण्याच्या कितीतरी आधी या दोघींनी परिसराला शिक्षकाचे स्थान दिले होते, आणि आपल्या प्रशिक्षण-विद्यालयांतून त्या प्रयोगाचे अध्ययन जितके व्हावे तितके होत नाही, याची मला खंत वाटते.

परिसराला पुन्हा शिक्षक करायचे, तर आधी त्याची नोंद हवी. गावाच्या दप्तरात जमिनीच्या तुकड्या-तुकड्याचा हिशेब आहे. सातबारावर खातेदार आहे, पीकपाणी आहे. गावनकाशावर हद्दी आहेत. परंतु विहिरीचे पाणी माघात कोठे होते आणि वैशाखात कोठे गेले, देवराईतला कोणता वृक्ष यंदा उन्मळून पडला, ओढ्यात कोणता मासा दिसेनासा झाला, याचा दाखला कोणत्याच कचेरीत मिळत नाही. ही नोंद शाळेने ठेवावी, एवढेच माझे आजचे प्रतिपादन आहे.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हात-हात अंतरावर गाठी मारलेली, टोकाला दगड बांधलेली सुतळी शिक्षकांच्या देखरेखीखाली कठड्याआडून विहिरीत सोडावी. कोरड्या भागाच्या गाठी मोजल्या म्हणजे पाणी किती खाली गेले ते कळते, ओल्या भागाच्या मोजल्या म्हणजे किती उरले ते. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असावा. एक हेक्टर भूमीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, हे सहावी-सातवीच्या मुलाला सहज सोडवता येणारे उदाहरण आहे. पाचशे हेक्टरांच्या शिवारात वर्षाला चारशे मिलिमीटर पाऊस झाला, तर दोनशे कोटी लिटर! फळ्यावर हा आकडा मांडल्यानंतर, मग आमच्या गावाला टँकर का लागतो, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील, आणि त्या प्रश्नातून भूगोलाचा खरा पाठ सुरू होईल. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली जो काळा पाषाण पसरला आहे, त्याच्या अंगी पाणी धरण्याची शक्ती अल्प; पाणी राहते ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमात, आणि म्हणून एकाच्या खोल कूपनलिकेचा परिणाम शेजाऱ्याच्या विहिरीवर होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याचा आणि शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा जो शिरस्ता पाडला, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे. लोकजागृती फलकांनी आणि प्रभातफेऱ्यांनी होते, असे मानणाऱ्यांनी त्या गावाची ग्रामसभा पाहावी.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. मुदतीच्या तगाद्याने ती बाहेरच्या माणसाकडून भरून घेतली, तर ती कपाटात पडून राहते. तीच वही शाळेतील मुलांनी, आजी-आजोबांना विचारून, रानभाज्यांची आणि पाखरांची गावातलीच नावे लिहून, दर ऋतूला भरली, तर तिच्यात गावाचा जीव गुंतेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, निवडणुकांच्या, गणनांच्या आणि माहिती पाठविण्याच्या कामांनी आपण आधीच गांजलेले आहात, हे मी जाणतो, आणि त्यात आणखी एका नोंदवहीची भर घालावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. गणिताच्या तासाला पावसाचे गणित, मराठीच्या तासाला वृद्धांच्या मुलाखतीचे लेखन, विज्ञानाच्या तासाला मातीची परीक्षा, अशी ही नोंद चालू तासांतच सामावली पाहिजे. आणि खात्यानेही तिला निराळा तक्ता, निराळा अहवाल जोडू नये.

म्हणून शिक्षकांच्या या परिषदेने उद्याच्या सत्रात एक ठराव संमत करावा, अशी माझी विनंती आहे. १ मे रोजी, विहिरी तळाला गेलेल्या असताना, मुले झेंडावंदनासाठी शाळेत येतात आणि गावची ग्रामसभाही भरते. २ ऑक्टोबरला, पाऊस सरत आलेला असताना आणि रब्बीचा विचार चालू असताना, पुन्हा ग्रामसभा असते. या दोन्ही सभांच्या विषयपत्रिकेत शाळेच्या नोंदवहीचे वाचन हा विषय असावा, ते वाचन विद्यार्थ्यांनी करावे, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात घ्यावी. ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिलेला आहे. त्यात आपल्या तालुक्याच्या अनुभवाप्रमाणे ज्या दुरुस्त्या सुचतील, त्या आज सायंकाळपर्यंत लेखी द्याव्यात.