राजमुद्रेचे बंधन

(शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्या एका प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आजच्या विषयाला आरंभ करण्यासाठी ग्रंथाची आवश्यकता नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात एखादे नाणे असेलच. ते काढून पाहावे. त्याच्या एका बाजूस तीन सिंह दिसतात आणि त्यांच्या खाली ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरे दिसतात. शाळेत मुलांना विचारले की, आपल्या राजमुद्रेवर सिंह किती, तर बहुतेक मुले ‘तीन’ असे उत्तर देतात. त्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण दिसतात ते तीनच. वस्तुतः सिंह चार आहेत. चौथा पाठीमागे आहे. जी वस्तू आपण दिवसातून दहा वेळा हाताळतो, तिच्याकडे आपण किती कमी वेळा पाहतो, हे यावरून ध्यानी यावे. आज ती वस्तू आपण नीट पाहणार आहोत. आणि तिच्यातील चित्रांचा अर्थ समजून घेतल्यावर, ती ज्यांच्या कागदांवर उमटते त्यांच्यावर ती कोणते बंधन घालते, याचाही विचार करणार आहोत.

राजचिन्हांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास चिलखतात झाकलेल्या योद्ध्यांची ओळख पटावी म्हणून ढालींवर चित्रे रंगविण्याची चाल पडली. ढालीवरची ती चित्रे पुढे घराण्यांची चिन्हे झाली आणि शेतीवाडीप्रमाणे पित्याकडून पुत्राकडे वारशाने जाऊ लागली. राजघराण्याचे जे चिन्ह, तेच राज्याचे चिन्ह ठरले. ब्रिटनच्या राजचिन्हावरील सिंह आणि एकशिंगी घोडा याच परंपरेतील होत. त्याखाली जे फ्रेंच वचन आहे, त्याचा अर्थ ‘ईश्वर आणि माझा हक्क’ असा आहे. तेथे बोलणारा राजा आहे, आणि तो आपल्या हक्काविषयी बोलत आहे.

विसाव्या शतकात जे देश स्वतंत्र झाले किंवा ज्यांनी आपली राज्यव्यवस्था बदलली, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा की, राजा गेल्यावर मुद्रेवर काय कोरावे? इंडोनेशियाने गरुड घेतला. त्याच्या प्रत्येक पंखास १७, शेपटीस ८ आणि मानेस ४५ पिसे आहेत. कारण त्या देशाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. त्याच्या पायांतील पट्टीवर जुन्या जावानी भाषेतील ‘भिन्न असूनही एक’ या अर्थाचे वचन आहे. दक्षिण आफ्रिकेने २००० साली नवे राजचिन्ह स्वीकारले, तेव्हा त्यावरील वचन आता कोणीच बोलत नसलेल्या एका प्राचीन आदिवासी भाषेतून घेतले. भिन्न लोकांनी एकत्र यावे, असा त्याचा आशय आहे. आणि भाषेच्या त्या निवडीमुळे आज नांदत असलेल्या कोणत्याही एका समाजाला झुकते माप मिळाले नाही. भारताने नवे चित्र काढले नाही. त्याने बावीसशे वर्षांपूर्वीचा एक घडीव दगड निवडला.

हा दगड वाराणसीजवळील सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शिरोभागाचा आहे. तेथे गौतम बुद्धांनी आपले पहिले प्रवचन दिले, आणि त्या स्थळी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने स्तंभ उभारला. काळाच्या ओघात तो मोडून मातीखाली गेला. १९०४-०५ च्या हंगामात एफ. ओ. ओर्टेल या अभियंत्याने केलेल्या उत्खननात त्याचे शीर्ष हाती आले. सुमारे सात फूट उंचीचे, चुनारच्या वालुकाश्मातून घडविलेले हे शीर्ष आज सारनाथच्या संग्रहालयात आहे. इतक्या शतकांनंतरही त्याची झिलई डोळ्यांत भरते.

या शिल्पाची रचना खालून वर पाहावी. सर्वांत खाली घंटेच्या आकाराचे उमललेले कमळ आहे. त्यावर एक गोल बैठक असून तिच्या कडेवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह ही चार जनावरे कोरलेली आहेत. दोन जनावरांच्या मध्ये एकेक चक्र आहे. बैठकीवर पाठीला पाठ लावून चार सिंह चार दिशांना तोंडे करून बसले आहेत. या सिंहांच्याही वर मूळात एक मोठे चक्र होते. त्याचे तुकडे उत्खननात सापडले. म्हणजे शिल्पकाराच्या मनात सिंह हा सर्वोच्च नव्हता. बलाच्या मस्तकावर त्याने धर्माचे चक्र ठेवले होते. धर्म याचा येथे अर्थ पंथ असा नसून नीती आणि कर्तव्य असा आहे.

बैठकीवरील जनावरांचे अर्थ विद्वानांनी निरनिराळे लावले आहेत. हत्ती म्हणजे मायादेवीचे स्वप्न, बैल म्हणजे बुद्धांचा जन्म, घोडा म्हणजे गृहत्याग आणि सिंह म्हणजे स्वतः शाक्यसिंह, असे काही मानतात. काहींच्या मते ती चार दिशांची द्योतके आहेत. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. जनावरे चालती आहेत, घोडा तर दौडत आहे, आणि चक्र हेही गतीचेच चिन्ह. वर बसलेले सिंह स्थिर आहेत. त्यांच्या खाली मात्र सर्व काही चालते आहे.

हे शिल्प आपल्या प्रांताला परके आहे असे कोणी समजू नये. अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्याकडे सोपारा येथेही मिळाले आहेत. पहिला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी शोधून काढला. आणि आपल्यापैकी जे कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या दर्शनास गेले असतील, त्यांनी तेथील चैत्यगृहासमोरचा उंच स्तंभ पाहिलाच असेल. त्याच्या माथ्यावरही पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह आहेत. हा सिंहस्तंभ गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याने दान दिला, असा लेख त्यावर आहे. सारनाथची कल्पना मावळच्या डोंगरात येऊन रुजली, ती अशी दोन हजार वर्षांपूर्वीच.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा त्याच्या मध्यभागी सारनाथच्या बैठकीवरील चक्र घेतले. २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे ज्या दिवशी संविधान अंमलात आले त्याच दिवशी, सिंहशीर्ष हे राष्ट्राचे चिन्ह झाले. सपाट चित्रात चौथा सिंह दिसेनासा झाला. बैठकीवर मध्ये चक्र, उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा राहिले. खालचे कमळ वगळण्यात आले. सिंहांवरचे मोठे चक्रही चित्रात नाही. परंतु एक भर पडली. मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन देवनागरी अक्षरांत खाली लिहिले गेले. ब्रिटनच्या राजाचे वचन आणि हे वचन शेजारी ठेवून पाहावे. येथे कोणी ‘माझा हक्क’ म्हणत नाही. जय सत्याचा होतो असे सांगितले आहे. मुद्रा उमटविणाऱ्याचा होतो असे नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, त्या गोष्टीकडे वळतो. सारनाथच्या स्तंभाचे शीर्ष आपण राजमुद्रा म्हणून घेतले, पण त्याच स्तंभाच्या खोडावर अशोकाचा एक लेखही आहे. स्तंभाचा बुंधा अद्याप सारनाथला जागच्या जागी उभा आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूस किंवा भिक्षुणीस पांढरी वस्त्रे नेसवून संघाबाहेर राहावयास लावावे, असा तो आदेश आहे. आदेशाचा विषय त्या काळचा. परंतु पुढचा भाग आपण शासनव्यवहारातील माणसांनी लक्षपूर्वक ऐकण्याजोगा आहे. अशोक आपल्या महामात्रांना, म्हणजे अधिकाऱ्यांना सांगतो की, या आदेशाची एक प्रत तुमच्या कचेरीत राहू द्या आणि अशीच दुसरी प्रत उपासकांजवळ, म्हणजे सामान्य गृहस्थांजवळ ठेवा. प्रत्येक उपोसथाच्या दिवशी उपासकांनी यावे आणि हा आदेश मनात ठसवून घ्यावा. महामात्रानेही त्या दिवशी यावे आणि तो पुन्हा समजून घ्यावा. आणि तुमचा अधिकार जेथवर पोहोचतो, तेथवर तो पोहोचवावा.

एक प्रत कचेरीत, एक प्रत लोकांजवळ. आणि अधिकाऱ्याने ठरावीक दिवशी लोकांसमवेत येऊन तीच अक्षरे पुन्हा समजून घ्यावयाची. जो दगड आज आपल्या प्रत्येक शासकीय कागदाच्या माथ्यावर आहे, त्याच्याच अंगावर ही कार्यपद्धती कोरलेली आहे. शासनाचा आदेश हा शासनाच्या कपाटात बंद करून ठेवावयाचा नसतो, हे त्या दगडाने केव्हाच सांगून ठेवले आहे. आपल्या काळात हेच तत्त्व २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने आणि ग्रामसभेच्या तरतुदींनी कायद्याच्या भाषेत मांडले आहे.

मुद्रा म्हणजे मर्यादा, ही जाणीव महाराष्ट्राला जुनी आहे. दख्खनमध्ये फारसी मुद्रांचा प्रघात असताना शिवाजी महाराजांनी संस्कृत मुद्रा वापरली. शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी असून ती लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय आहे. महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेवरील वचनही त्याच धर्तीवर रचलेले आहे. महाराजांच्या पत्रांच्या शेवटी आणखी एक लहान मुद्रा असे, आणि तिच्यावर ‘मर्यादा’ हा शब्द होता. पत्र येथे संपले, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा तिचा व्यावहारिक उपयोग. आरंभी लोककल्याण आणि शेवटी मर्यादा. या दोन मुद्रांच्या मध्ये राज्याचा हुकूम बसत असे.

कायद्यानेही मुद्रेला मर्यादा घातल्या आहेत. राजचिन्हाच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा अधिनियम २००५ साली झाला आणि त्याखालील नियम २००७ साली आले. व्यापारधंद्यासाठी ही मुद्रा वापरता येत नाही. माजी मंत्री, माजी खासदार-आमदार आणि निवृत्त अधिकारी यांना ती वापरता येत नाही. महामंडळे, बँका, नगरपरिषदा, पंचायत राज्य संस्था, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था यांनाही, नियमांनी तसा अधिकार दिला नसेल तर, ती आपल्या पत्रशीर्षांवर छापता येत नाही. पंचायत सदस्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. हौसेने छापलेले पत्रशीर्षही कायद्याचा भंग ठरू शकते, आणि भंग करणाऱ्यास कैद किंवा दंड होऊ शकतो. यामागचे तत्त्व सोपे आहे. सरदाराची ढाल वारशाने मुलाकडे जात असे. ही मुद्रा कोणाच्या घरी जात नाही. अधिकार संपला की तिचा वापर संपतो.

मी शासकीय सेवेत असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. एके दिवशी एक वृद्ध स्त्री एक कागद घेऊन माझ्याकडे आली. तो दुसऱ्या एका कार्यालयाचा होता. तिला अक्षरओळख नव्हती. पिशवीतून कागद काढल्यावर तिने आधी त्यावरील तीन सिंहांना हात लावून तो कपाळाला लावला आणि मग माझ्यापुढे ठेवला. निराधारांच्या अनुदानासाठी तिने केलेला अर्ज नामंजूर झाला होता. कारण लिहिले होते, ‘अर्जदार मयत’. कोणी तरी तिच्या दारापर्यंत न जाताच चौकशी पूर्ण केली होती. ‘काय लिवलंय, साहेब?’ असे तिने विचारले. काय उत्तर द्यावे, ते मला सुचेना. ज्या कागदावर सर्वांत वर सत्याचा जयघोष छापलेला होता, त्याच कागदाने एका जिवंत बाईला मेलेली ठरविले होते. पुढे तिचे काम झाले. परंतु त्यात आठ महिने गेले. चौकशी करणाऱ्याची अक्षरे सुवाच्य होती, सही ठसठशीत होती, जावक क्रमांक बरोबर होता. केवळ त्या मुद्रेखालच्या दोन शब्दांकडे कोणी पाहिले नव्हते.

मित्रहो, मुद्रेचा अवमान म्हटले की आपल्याला तिचे विद्रूप चित्र किंवा तिचा बेकायदा वापर आठवतो. तो अवमान आहेच, आणि त्यासाठी कायदा समर्थ आहे. परंतु मुद्रा योग्य जागी, योग्य आकारात, योग्य अधिकाराने छापलेली असावी आणि खालचा मजकूर खोटा असावा, हा अवमान अधिक मोठा आहे. तो पकडण्यास कोणी पहारेकरी नसतो. त्या वृद्धेने मुद्रेला कपाळ लावले, तो तिचा भाबडेपणा नव्हता. राष्ट्राने जे वचन छापून दिले होते, त्यावर तिने विश्वास ठेवला होता. ते वचन पाळण्याचे काम आपल्याकडे होते.

म्हणून माझी आपणांस नम्र विनंती आहे. शिक्षकांनी मुलांना नाण्यावरचे सिंह मोजावयास सांगावे आणि चौथा कोठे गेला, हे त्यांचे त्यांना शोधू द्यावे. मग चक्राचा आणि वचनाचा अर्थ त्यांना सांगावा. पंचायत सदस्यांनी शासनाचा प्रत्येक महत्त्वाचा आदेश ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे एक प्रत खरोखर लोकांजवळ राहील. आणि ज्यांच्या हातात सही आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी कागदाच्या माथ्यावरील ते दोन शब्द एकदा वाचावेत. त्यास क्षणभरही लागत नाही. खालचा मजकूर त्या शब्दांच्या सोबतीने उभा राहू शकत असेल तरच पेन उचलावे. नसेल तर अर्जदाराच्या दारापर्यंत एकदा जाऊन यावे.