प्रसूतीच्या वेळीं : वाट पाहणें आणि उपाय करणें

पुणें-सोलापूर रस्त्यावरील कुरकुंभ हें गांव जुन्या लोकांना फिरंगाईच्या देवळामुळें ठाऊक, तर नव्यांना रासायनिक कारखान्यांमुळें. तेथील एखाद्या घरांत सुनेला कळा सुरू झाल्या म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात : दौंडला रुग्णालयांत केव्हां न्यावयाचें, आणि तेथें काय काय करूं द्यावयाचें? पहिला प्रश्न घरांत बोलला जातो. दुसऱ्याचा विचार क्वचितच कोणी आधीं करतो.

एके काळीं सारी विवंचना पहिल्याचीच होती. आनंदीबाई जोशी यांचें मूल जन्मानंतर दहा दिवसांतच गेलें. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टर होतांना त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढें दौंडला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यांत, वढू येथें, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं गांवांतल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवेचें काम उभें केलें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयास हवें. गर्भाशयाचें मुख पांच सेंटिमीटर उघडल्यानंतरही पहिलटकरणीस बारा तासांपर्यंत वेळ लागूं शकतो, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं स्पष्ट केलें. माता व बाळ सुस्थितींत असतील तर केवळ उशीर हें उपायाचें कारण नव्हे. कळा वाढविण्यासाठीं शिरेंतून दिलेलें ऑक्सिटोसिन प्रमाणाबाहेर गेल्यास बाळास प्राणवायु कमी पडतो. म्हणून तें देतांना ठोके वरचेवर ऐकावे लागतात. तेंच औषध जन्मानंतर टोंचलें असतां रक्तस्राव आवरतो व प्राण वांचवितें. योनिमार्गाजवळ छेद घेणें हाही सरसकट करावयाचा विधि नाहीं.

शस्त्रक्रियेचेंही तसेंच आहे. मूल आडवें असणें, वार मुखाशीं असणें किंवा नाळ आधीं बाहेर येणें, अशा प्रसंगीं ती टाळणें म्हणजे दोन जीव धोक्यांत घालणें होय. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सरकारी संस्थांतील प्रसूतींपैकीं शेंकडा १४.३, तर खाजगी संस्थांतील शेंकडा ४७.४ शस्त्रक्रियेनें झाल्या. एवढें अंतर केवळ अडलेल्या बाळंतिणींमुळें पडलें असें मानणें कठीण आहे. गर्भाशयावरील व्रण पुढील गर्भारपणांतही जोखीम ठेवून जातो.

यासाठीं घरच्यांनीं सातव्या-आठव्या महिन्यांतच डॉक्टरांस विचारून ठेवावें : शस्त्रक्रियेची सोय व रक्त कोठें मिळेल? वेदना शमविण्यास भूलतज्ज्ञ असेल काय? जवळ एखादी सोबतीण राहूं शकेल काय? सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया व रक्त विनामूल्य देण्याची योजना २०११ पासून आहे. आणि ऐन वेळीं कोणताही उपाय सुचविला गेला कीं, त्याचें कारण व न केल्यास होणारा परिणाम प्रथम त्या स्त्रीलाच सांगितला जावा. संमति द्यावयाची ती सासूनें वा नवऱ्यानें नव्हे, तिनें.