तक्त्यातील राहिलेला रकाना



महाविद्यालयाची खरेदी हा विषय आपल्यापैकी पुष्कळांना रुक्ष वाटेल. ग्रंथालय, परीक्षा, स्नेहसंमेलन यांविषयी हौसेने बोलणारे भेटतात. परंतु पंखे, कागद आणि दिव्यांच्या नळ्या कोणत्या हिशेबाने घेतल्या, याविषयी सहसा कोणी चकार शब्द काढीत नाही. आज मी त्याविषयीच बोलणार आहे, आणि आरंभ एका चुकीच्या कबुलीने करणार आहे. कारण ती चूक माझी स्वतःची आहे.

मी शाळामास्तर. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत होतो, तिचे एक महाविद्यालयही होते, आणि दोहोंची खरेदी समिती एकच होती. विज्ञान शिकवणारा म्हणून त्या समितीवर माझीही नेमणूक झाली. एकदा ट्यूबलाइट घ्यायच्या होत्या. रिवाजाप्रमाणे तीन दरपत्रके आली, लेखनिकाने तुलनात्मक तक्ता मांडला, सर्वांत कमी दरावर खूण झाली आणि आम्ही सर्वांनी सह्या केल्या. संस्थेचे पैसे वाचवल्याचे समाधान घेऊन मी घरी गेलो.

वर्ष सरले नाही तोच त्या नळ्या एकामागून एक निकामी होऊ लागल्या. प्रयोगशाळेमागच्या पडवीत त्यांचा ढीग साचला. एके दिवशी मुलांचा चेंडू त्या ढिगावर आदळला आणि काचांचा खच पडला. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी उघड्या हातांनी त्या काचा गोळा करीत होत्या. मला पाहून त्यांनी विचारले, “सर, हे आता टाकायचं कुठं?”

मी म्हणालो, “टाका कचऱ्यात.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. अशा प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो, आणि पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात गेली तर मज्जासंस्थेला अपाय करते. ही गोष्ट मला ठाऊक होती. इतकेच नव्हे, मी ती वर्गात शिकवीत होतो! परंतु वर्गातले माझे ज्ञान खरेदीच्या तक्त्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते. त्या तक्त्यात वस्तू, नग, दर, कर आणि एकूण रक्कम असे पाच रकाने होते. मावशींच्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

श्रोतेहो, माझे सांगणे एवढेच आहे, की जी वस्तू घेताना स्वस्त पडते, ती खरोखर स्वस्त असतेच असे नाही. तिची उरलेली किंमत पुढे कोणीतरी भरीतच असतो. कधी ती विजेच्या बिलातून संस्था भरते, कधी कचऱ्याचा ढीग ज्यांच्या उंबऱ्याशी जातो ती माणसे भरतात.

साधा हिशेब पाहू. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो; नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तितकाच वारा देतो. रोज ६ तास आणि वर्षाचे २०० दिवस पंखा चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला ५४ युनिटांची बचत होते. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर ही बचत ४३२ रुपये. नवा पंखा घेताना दीड हजार रुपये अधिक पडले असे समजू. ते साडेतीन वर्षांत वसूल होतात आणि पुढची सारी वर्षे नफ्याची. शंभर पंख्यांच्या महाविद्यालयात ही रक्कम वर्षाला ४३,२०० रुपये होते. इतक्या पैशांत ग्रंथालयात किती पुस्तके येतील, याचा हिशेब मी आपल्यावर सोपवतो.

यावर कोणी म्हणेल, “मास्तर, हे सारे खरे, पण सर्वांत कमी दर सोडून दुसरा घेतला, तर हिशेबतपासनीस आक्षेप घेतील त्याचे काय?” ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा उपाय मात्र नियमांच्या चौकटीतच आहे. निविदा मागवतानाच वस्तूचे वर्णन नेमके करावे. पंखा किती वॅटच्या आत हवा, हमी किती वर्षांची हवी, निकामी झालेला माल विक्रेत्याने परत न्यावा की नाही, हे आधीच लिहावे. मग त्या अटी पाळणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर खुशाल स्वीकारावा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही ठरावीक विद्युत उपकरणे घेताना ऊर्जाबचतीचे नेमून दिलेले तारांकन पाहावे, असे सांगितले आहे. ही ताऱ्यांची खूण आपल्या देशात २००६ पासून आहे.

आणखी एक खूण आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. भारत सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाला कमी अपाय करणाऱ्या वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ योजना काढली. तिचे चिन्ह म्हणून मातीचे मडके निवडले. मडके मातीतून येते, मातीत जाते आणि हाताळताना जपावे लागते. साबण, कागद, रंग अशा कितीतरी वस्तूंसाठी ही योजना होती; परंतु ना कारखानदारांनी तिचा फारसा पाठपुरावा केला, ना गिऱ्हाइकांनी ती खूण मागितली. २०२४ मध्ये नवे नियम करून सरकारने ती योजना पुन्हा उभी केली आहे. ती या वेळी चालेल की नाही, हे पुष्कळसे आपल्या मागणीवर अवलंबून राहील.

मोठ्या गिऱ्हाइकाने मागणी केली म्हणजे काय घडते, याचा दाखला अमेरिकेत सापडतो. तेथे १९९२ मध्ये कमी वीज घेणाऱ्या संगणकांसाठी ‘एनर्जी स्टार’ ही खूण निघाली. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला, की केंद्रीय कचेऱ्यांनी ती खूण असलेलेच संगणक घ्यावेत. एवढे मोठे गिऱ्हाईक कोण गमावील? कारखानदारांनी आपले संगणक त्या कसोटीस उतरतील असे बनवण्यास आरंभ केला, आणि त्याचा लाभ घरी संगणक घेणाऱ्यालाही झाला. आपले एकेक महाविद्यालय लहान असेल. परंतु एका विद्यापीठाची सर्व महाविद्यालये मिळून एकच अट घालू लागली, तर विक्रेत्यांना ती ऐकावीच लागेल.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. तुलनात्मक तक्त्यात तीन रकाने वाढवावेत. वस्तू किती वर्षे टिकेल? तिला वर्षाला किती वीज, कागद किंवा शाई लागेल? आणि निकामी झाल्यावर ती कोठे जाईल? हे रकाने भरण्याचे काम शास्त्र आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना द्यावे. प्रदूषणावर दहा गुणांचा निबंध लिहिण्यापेक्षा त्यांना त्यातून अधिक कळेल. आपण काय शिकवतो हे विद्यार्थी ऐकतात, आणि आपण काय विकत घेतो हे ते पाहतात. दोहोंत अंतर पडले, तर ते डोळ्यांवरच विश्वास ठेवतात.

त्या मावशी पुढे निवृत्त झाल्या. त्यांच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर चुकीचे होते, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला त्या वेळी झाले नाही. आता मात्र कोणत्याही दरपत्रकावर सही करण्यापूर्वी मी तोच प्रश्न मोठ्याने विचारतो, “हे पुढे टाकायचे कुठे?” समितीतील मंडळी प्रथम हसतात, मग विक्रेत्याला दूरध्वनी करतात.