आवाज मंदावतो, माणूस नव्हे



कंपवात हा विकार हातांच्या थरथरीवरून सर्वांस परिचित आहे. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे सविस्तर वर्णन केले व पुढे त्यांचेच नाव या रोगास मिळाले. परंतु हा विकार वाणीवरही अंमल गाजवितो, याची जाणीव थोड्यांनाच असते.

मेंदूतील डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण झाल्या की स्नायूंच्या हालचाली मंद व तोकड्या होतात. श्वासाचे, स्वरयंत्राचे व जिभेचे स्नायूही त्यास अपवाद नाहीत. आवाज खोल जातो, शब्द एकमेकांत मिसळतात, स्वरातील चढउतार लोपतो. ‘तुम्ही जेवलात?’ हा प्रश्न आपण केवळ हेलावरून ओळखतो. तो हेल गेला की आपुलकीची विचारपूसही कोरडी वाटते. त्यातच चेहरा निर्विकार दिसतो. रुग्णास मात्र आपण पुरेशा मोठ्याने बोलतो आहोत, असेच वाटत असते.

आळंद तालुक्यातील मादन हिप्परगा या आपल्या सीमाभागातील गावी मराठी व कन्नड शेजारी नांदतात. म्हणून इटलीतील एक निरीक्षण येथे उद्बोधक ठरावे. फ्रिउली ही मातृभाषा व इटालियन ही नंतर शिकलेली भाषा असलेल्या काही रुग्णांची वाक्यरचना मातृभाषेतच अधिक बिघडलेली आढळली, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण मोजकेच होते. त्यावरून सर्वांविषयी अनुमान काढता येणार नाही. तथापि घरी अडखळणारे आजोबा बाजारात दुसऱ्या भाषेत बरे बोलले, तर ते घरच्यांना टाळतात, असा ग्रह करून घेऊ नये.

उपचार उपलब्ध आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे घ्यावीत व वाचा-उपचारतज्ज्ञांकडून मोठ्याने बोलण्याचा सराव शिकावा. मैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. जेवताना वारंवार ठसका लागत असल्यास तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.

उरलेले कार्य आपले आहे. टीव्ही बंद करावा, समोर बसावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. वाक्य आपण पुरे करू नये. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी. कार्यालयात निवृत्तिवेतनाची चौकशी मुलाकडे न करता प्रत्यक्ष त्या व्यक्तीकडेच करावी. शेताच्या वाटणीसारख्या प्रश्नावर वडीलधाऱ्यांचे मौन म्हणजे संमती, असे गृहीत धरणे अन्यायाचे होईल. त्यांचे मत असते. ते ऐकण्यास थोडा अधिक वेळ द्यावा, एवढीच विनंती.