घराचा भाव कशाचा?

रविवारीं सकाळीं अंबरनाथ स्थानकावर उतरणाऱ्यांत एक निराळा वर्ग सहज ओळखूं येतो. शिवमंदिराकडे निघालेल्यांच्या हातीं बेल-फूल असतें. यांच्या हातीं नव्या इमारतींचीं रंगीत पत्रकें असतात. नवरा, बायको, एखादें मूल आणि सल्ल्यासाठीं मुद्दाम बरोबर घेतलेले मामा, असा हा लवाजमा असतो. दिवसभर चार ठिकाणीं नमुन्याच्या सदनिका पाहून सायंकाळीं ही मंडळी परतते, तेव्हां एका कोड्यानें त्यांचीं डोकीं भणभणलेलीं असतात. विटा त्याच, सिमेंट तेंच, लोखंड तेंच, गवंडीहि बहुधा तेच. मग उल्हासनगरांत एक भाव, अंबरनाथांत दुसरा, मोरिवलींत तिसरा आणि बदलापुरांत चौथा, हें कसें? 'घर पाहावें बांधून' असें सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांना घर बांधण्याचे कष्ट ठाऊक होते. तें विकत घेण्याचे कष्ट त्यांच्या वांट्यास आले नव्हते.

या कोड्याचें उत्तर असें कीं, घराचा भाव हा भिंतींचा भाव नव्हेच. भिंतींच्या बाहेर जें आहे त्याचा तो भाव होय. गाडी किती अंतरावर आहे, नळास पाणी किती वेळ येतें, हवा कशी आहे, कागदपत्र किती निर्मळ आहेत, आणि पुढें तेथें काय होणार अशी लोकांची समजूत आहे, या पांच गोष्टी मिळून तो आंकडा ठरवितात.

मुंबई शहरानें हा धडा फार पूर्वीं गिरविला आहे. १९२० सालीं मुंबई सरकारनें विकास खातें स्थापून वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें चाळी बांधावयास घेतल्या. अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. शहरांत निवाऱ्याची टंचाई असतांनाहि वरळीच्या पुष्कळ खोल्यांना प्रथम भाडेकरू मिळेना. भिंती पक्क्या होत्या, छप्पर गळत नव्हतें. परंतु त्या काळची वरळी गिरणीपासून आणि बाजारापासून आडवळणीं पडत होती. आज त्याच वरळींत चौरस फुटाचा भाव ऐकून पगारदार मनुष्यास घेरी यावी! जमीन तीच, भोंवतालचें शहर बदललें.

दुसरा धडा भाड्याचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलीं. भाडेकरूस संरक्षण मिळालें, हें खरेंच. परंतु भाड्यासाठीं चाळ बांधण्यांत मालकास लाभ उरला नाहीं. हळूहळू चाळीची जागा मालकीच्या सदनिकेनें घेतली, आणि १९६३ मध्यें त्या व्यवहारासाठीं महाराष्ट्रांत स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याच्या वडिलांनीं दरमहा भाडें देऊन संसार केला, त्या मुलापुढें सगळ्या जन्माची पुंजी एकदम मोजण्याचा प्रसंग आला. ती पुंजी मुंबईंत पुरेना. म्हणून तो रुळांच्या कडेकडेनें ठाणें, डोंबिवली, कल्याण असे मुक्काम करीत पुढें सरकला. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ मध्यें आली होती आणि तेथून खोपोलीकडे १८५६ मध्यें गेली होती. अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें याच फांट्यावरचीं.

आतां या शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भाव निराळे कां, तें पाहूं गेल्यास प्रत्येक गांवाचा इतिहासच त्या आंकड्यांत उतरलेला दिसतो.

उल्हासनगर मूळचें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीचें ठिकाण. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांनीं तेथील बराकींत संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं त्या वसाहतीस उल्हास नदीवरून हें नांव दिलें. आजहि तेथील पत्ता कँपचा आंकडा सांगितल्यावांचून पुरा होत नाहीं. या उद्योगी लोकांनीं बाजारपेठ उभारली. पण शहराचें क्षेत्र अवघें तेरा चौरस किलोमीटरांच्या आसपास. जागा वाढेना, माणसें वाढलीं. मग बराकीवर मजला, मजल्यावर मजला, आणि तोहि पुष्कळदां परवानगीची वाट न पाहतां. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. ८५५ इमारतींवर पाडण्याची तलवार लटकली. अखेर २००६ सालीं अशीं बांधकामें नियमित करण्यासाठीं राज्याला खास कायदा करावा लागला. परंतु कायद्यानें कागद नियमित होतो. कच्चें सिमेंट पक्कें होत नाहीं. मे २०२१ मध्यें एका पंधरवड्यांत तेथें दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. म्हणून तेथें एकाच गल्लींत समोरासमोरच्या दोन सदनिकांच्या भावांत मोठें अंतर असूं शकतें. एकीस भोगवटा प्रमाणपत्र आहे, तिच्यावर पेढी कर्ज देते. दुसरीस तें नाहीं, आणि तिच्यासाठीं सगळी रक्कम रोख मोजणारा गिऱ्हाईकच शोधावा लागतो. हा फरक विटांचा नसून विश्वासाचा आहे.

अंबरनाथचें मंदिर शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, पण आजचें गांव वाढलें तें कारखान्यांवर. आगपेट्यांचा कारखाना, संरक्षणसामग्रीचे कारखाने आणि पुढें औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, अशा क्रमानें तेथें पोट भरण्याचीं साधनें आलीं. मोरिवलीचें नांव तर पुष्कळांस तेथील औद्योगिक वसाहतीमुळेंच ठाऊक आहे. अशा ठिकाणचा भाव दुधारी असतो. ज्याची नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यास तेथील घर थोडें महाग पडलें तरी स्वस्तच. त्याचा पास वांचतो, वेळ वांचतो, दुपारचें जेवणहि घरीं होतें. उलट ज्याला रोज मुंबई गांठावयाची आहे आणि रात्रीं रसायनाच्या उग्र वासानें खिडकी लावून घ्यावी लागते, त्याला स्वस्त घरहि महाग. एकच सदनिका दोन कुटुंबांस दोन किंमतींची असते, हें पत्रकांत कधींच छापलेलें नसतें.

बदलापुराकडे मोकळी जमीन होती. म्हणून तेथें इमारतींचें पीक सर्वांत जोमानें आलें. खानेसुमारीचे आंकडेच पाहावे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत उल्हासनगरची वस्ती ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ झाली, म्हणजे शेंकडा सातच वाढली. अंबरनाथची २,०३,८०४ वरून २,५३,४७५, म्हणजे शेंकडा चोवीस. कुळगांव-बदलापूरची मात्र ९७,९४८ वरून १,७४,२२६, म्हणजे शेंकडा अठ्याहत्तर! जेथें जमीन संपली तेथें माणसें थबकलीं. जेथें ती होती तेथें माणसें धांवलीं. पण मोकळी जमीन मोकळी कां राहिली होती, हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहे. उल्हास नदीच्या कांठीं त्याचें उत्तर पावसाळ्यांत मिळतें. २६ जुलै २००५ चा पूर लोक विसरूं लागले होते, तोंच २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली आणि सुमारें हजार प्रवाशांना नावांनीं बाहेर काढावें लागलें. ज्या नदीला आगगाडी अडवितां येते, तिला तळमजला अडवील काय? पूररेषा नकाशावर पाहणें हा भित्रेपणा नव्हे. तो हिशेब आहे.

या भावांत आणखी एक अदृश्य वस्तु विकली जाते, ती म्हणजे भविष्यकाळ. अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली येथें नवें स्थानक करण्याचें ठरलें, तेव्हांपासून भोंवतालच्या प्रत्येक इमारतीच्या जाहिरातींत तें स्थानक 'पांच मिनिटांवर' आलें. स्थानक झालें म्हणजे भाव वाढेल हें बरोबर. परंतु गिऱ्हाईक ती वाढ आजच मोजून देतो, आणि गाडी थांबेपर्यंत व्याजहि भरतो. त्या व्याजाचा आंकडा एकदा कागदावर मांडून पाहावा. पंचवीस लाखांचें कर्ज साडेआठ टक्क्यांनीं वीस वर्षांसाठीं घेतल्यास मासिक हप्ता सुमारें २१,७०० रुपयांचा येतो, आणि परतफेड बावन्न लाखांच्यावर जाते. म्हणजे कर्जानें घेतलेलें एक घर आपलें करतांना गृहस्थ दोन घरांचे पैसे मोजतो.

दुसरा हिशेब वेळेचा, आणि तो कोणतीच पेढी करून देत नाहीं. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून अंबरनाथ सुमारें साठ किलोमीटर व बदलापूर सुमारें अडुसष्ट. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन येऊन रोज तीनच तास धरले आणि वर्षाचे तीनशें दिवस धरले, तर नऊशें तास होतात. नऊशें तास म्हणजे साडेसदतीस दिवस आणि तितक्याच रात्री. पंचवीस वर्षांच्या नोकरींत हे अडीच वर्षांहून अधिक भरतात, आणि तेहि बहुतेक उभ्यानें, गर्दींत! स्वस्त घराची उरलेली किंमत मनुष्य अशी सुट्या नाण्यांत फेडीत असतो. त्यांत मुलाच्या अभ्यासाशेजारीं बसण्याचा वेळ असतो, म्हाताऱ्या आईशीं दोन शब्द बोलण्याचा वेळ असतो.

तरीहि लोक येतात, आणि शहाणे लोक येतात, हें विसरून चालणार नाहीं. दहा बाय दहाच्या खोलींत ज्यांनीं आठ माणसांचा संसार केला, त्यांना स्वतःच्या नांवाची पाटी लावलेलें दार, मुलीसाठीं अभ्यासाचा कोपरा आणि घरांतल्या घरांत न्हाणीघर, यांचें मोल कोणत्याहि तक्त्यांत मांडतां येणार नाहीं. मलबार टेंकडीवर चौरस फुटाचा भाव लाखाच्या घरांत बोलला जातो. येथें तो कांहीं हजारांत आहे, म्हणूनच हजारों कुटुंबांना छप्पर मिळालें. या गांवांनीं मुंबईच्या नोकरदारांवर केलेला हा उपकार लहान नव्हे.

प्रश्न स्वस्त घर घ्यावें कीं न घ्यावें हा नाहींच. तें स्वस्त कां आहे, हें समजून घ्यावें, एवढाच आहे. त्यासाठीं रविवारची दुपार पुरेशी नाहीं. सोमवारीं सकाळीं आठ वाजतां त्या घरापासून फलाटापर्यंत चालून पाहावें आणि गाडींत शिरतां येतें कीं नाहीं तें अनुभवावें. भर आषाढांत एकदा तळमजला पाहावा. रात्रीं दहानंतर गच्चीवर उभें राहून हवा हुंगावी. शेजारच्या जुन्या इमारतींतील एखाद्या गृहिणीस पाणी किती वाजतां येतें तें विचारावें. तिचें उत्तर दलालाच्या उत्तराहून निश्चित असेल. बांधकाम चालू असेल तर २०१७ पासून अंमलांत आलेल्या महारेराच्या नोंदींत त्याचा क्रमांक पाहावा, भाव चटईक्षेत्रावर विचारावा, आणि सात-बारा, बिनशेती आदेश व बांधकामाची परवानगी स्वतः वाचावी. घर तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र हातीं पडल्यावांचून इसार देऊं नये.

इतकें करून झाल्यावर तोच आंकडा निराळा दिसूं लागेल. कदाचित् महाग वाटलेलें घर रास्त ठरेल, आणि स्वस्त वाटलेल्या घराकडे पाठ फिरवावी लागेल. सायंकाळच्या गाडीनें परतणाऱ्या त्या मंडळींत मामा काय म्हणतात यास मग फारसें महत्त्व उरणार नाहीं. पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर नवरा-बायकोनें मिळून मांडलेला हिशेबच काय तो त्यांस सल्ला देईल.